जनावर ज्याच्या रानात, वाटा त्याच्या पानात

मेलेल्या स्प्रिंगबॉक हरणाच्या पाठीला मधासारखा वास येतो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता. पाठीच्या मागच्या बाजूला कातडीची एक घडी असते आणि तिच्यात लांब पांढरे केस दडलेले असतात. जिवंतपणी जनावर बिथरलं किंवा उड्या मारू लागलं की ती घडी उघडते. मरतानाही उघडते, सावकाश, पंख्यासारखी, आणि थोड्या वेळाने आपोआप मिटते. माग काढणाऱ्या माणसाने माझं मनगट धरून मला खाली बसवलं आणि नाक जवळ न्यायची खूण केली. गोड, ऊबदार वास. पाच मिनिटांपूर्वी हे जनावर चरत होतं, आणि गोळी मी झाडली होती.

सौरपंपांच्या कामासाठी मी दोन वर्षं विंडहुकला होतो. नामिबियात दोन वर्षं काढली आणि शिकारीचा विषय निघाला नाही, असं होत नाही. दुसऱ्या वर्षी जुलैमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, ओचिवारोंगो गावापासून पुढे वॉटरबर्गचा लाल कडा दिसतो त्या बाजूच्या एका शेतावर मी पाच दिवस राहिलो. शेत म्हणजे साडेपाच हजार हेक्टर. रीतसर परवाना, सरकारकडे नोंदणी असलेला मार्गदर्शक, शेतावरचीच भाड्याची रायफल. ज्याला तिकडे ‘प्लेन्स गेम’ म्हणतात त्याची ही शिकार. त्यात सिंह, हत्ती, गेंडा, बिबट्या येत नाहीत. कुडू, गेम्सबॉक, स्प्रिंगबॉक, इम्पाला, हार्टेबीस्ट, वॉर्टहॉग अशी गवतपाला खाणारी जनावरं येतात. आपल्या भाषेत, हरणं आणि रानडुकरं.

परत आल्यावर नागपुरात मित्रांना सांगितलं तेव्हा सगळे क्षणभर गप्प झाले. मग एकाने विचारलं, ‘तू हरिण मारलंस?’ आत्या म्हणाली, ‘अरे, आपल्या घरात माळ आहे.’ दोघांचंही बोलणं मला लागलं, आणि लागायला हवंच होतं. वडील वारकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही. मी बाहेर मांस खातो, पण स्वतःच्या हाताने कोंबडीही कधी मारली नव्हती. त्यामुळे मी जे मांडतोय ते शौकाचं समर्थन म्हणून नाही. त्या पाच दिवसांत आणि त्याआधीच्या दोन वर्षांत जे पाहिलं, त्यावरून माझं मत बनलंय. ज्याच्या जमिनीवर जनावर चरतं, ज्याचं गवत आणि पाणी ते संपवतं, त्याला त्या जनावरात वाटा मिळाला पाहिजे. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला हा वाटा बऱ्याच अंशी बंदुकीतून येतो. लंडनमध्ये किंवा पुण्यात बसून ती बंदूक काढून घ्या म्हणणाऱ्याने त्या वाट्याची दुसरी सोय आधी सांगितली पाहिजे.

शेताच्या मालकाने पहिल्या संध्याकाळी, आगीजवळ बसून, आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा गाई पाळायचे. त्या मुलखात वर्षाला चार-साडेचारशे मिलिमीटर पाऊस, तोही कधी येतो कधी नाही. एका गाईला दहा-पंधरा हेक्टर रान लागतं. अशा ठिकाणी कुडू म्हणजे गाईच्या तोंडचा घास पळवणारा. कुडू सरकारचा, गवत मात्र आजोबांचं. मग आजोबा दिसेल तो कुडू मारायचे, मजुरांच्या शिध्यात घालायचे, उरलेला वाळवायचे. आसपासचे सगळेच असं करायचे. 1967 साली तिथल्या कायद्याने कुंपण असलेल्या शेतावरच्या कुडू, गेम्सबॉक, स्प्रिंगबॉक अशा जनावरांची मालकी शेतमालकाला दिली आणि 1975 च्या अध्यादेशाने ती पक्की केली. आजोबांनी त्यानंतर पहिल्यांदा कुडू मोजले. मालक म्हणाला, ‘त्याआधी आमच्या घरात कुणी कुडू मोजला नव्हता. मोजतो कोण? उंदीर कुणी मोजतं का?’

आज नामिबियातली बहुतेक रानटी जनावरं राष्ट्रीय उद्यानांच्या बाहेर आहेत. एटोशासारखं 1907 सालापासून राखलेलं अभयारण्य देशात आहे, तरीही. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेने 1991 साली असाच कायदा केला, आणि तिथे हजारो गुरांची शेतं जनावरांची शेतं झाली. गाई काढल्या, आतली कुंपणं पाडली, गवत परत आलं. बॉन्टेबॉक नावाचं तांबूस-जांभळ्या झाकेचं एक देखणं हरिण आहे. 1931 मध्ये त्याच्यासाठी उद्यान केलं तेव्हा त्यात फक्त 17 जनावरं होती. काळं विल्डबीस्ट नावाचं दुसरं जनावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही शेवर आलं होतं आणि ते वाचलं ते मोजक्या शेतकऱ्यांच्या खाजगी रानात. आज दोन्ही हजारांनी आहेत.

याच भूमीत बंदुकीने क्वागा संपवला, हेही इथेच सांगायला हवं. अर्ध्या अंगावर पट्टे असलेला हा झेब्रा. शेवटचा 1883 मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. म्हणजे शिकारीत जनावर वाचवण्याचा गुण उपजत नाही. बंदूक तीच होती. मालकी, मोजदाद आणि मर्यादा या तीन गोष्टी क्वागाच्या वेळी नव्हत्या आणि बॉन्टेबॉकच्या वेळी आल्या.

आता माझ्या गावाकडे येतो, कारण हा विषय मला तिथूनच टोचतो. वर्धा जिल्ह्यात आमची सहा एकर कोरडवाहू जमीन आहे. हरभरा घाटे धरतो तेव्हा रोही येतात. तूर फुलोऱ्यात असते तेव्हा रानडुकरं. रोही म्हणजे नीलगाय; आम्ही तिला कधीच नीलगाय म्हणत नाही. शहरात ते नाव घेतलं की तिच्यात गाय शिरते आणि पुढचं बोलणंच खुंटतं. वडील सत्तरीत आहेत आणि अजून मचाणावर जागल करतात. शेताभोवती आईच्या जुन्या साड्यांचं कुंपण आहे, त्याच्या आत झटका मशीनची तार. एका रात्रीत सात-आठ रोही आले की अर्धा एकर हरभरा जातो. भरपाईची योजना आहे, पंचनामा आहे, अर्ज आहे, फोटो आहेत. जे मिळतं ते कधी मिळतं, हे शेतकऱ्यांना विचारा.

वडिलांनी रोह्यावर कधी दगडही उगारला नाही. पण आमच्या भागात विषारी दाणा आणि थेट वीज सोडलेली तार सर्रास आहे. त्यात रोही मरतो, कोल्हा मरतो, एखादा वाघ मरतो, आणि कधी रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो. याला आपण शिकार म्हणत नाही. पण मरण तेच आहे, फक्त बेहिशेबी. कुणी मोजत नाही, कुणी खात नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने जनावर पूर्णपणे सरकारचं झालं आणि शेतकऱ्याच्या हाती फक्त नुकसान राहिलं. त्या शेतमालकाच्या आजोबांच्या कुडूची आणि आमच्या रोह्याची स्थिती एकच.

मधूनमधून आपण मारायची परवानगी देतोही. 2016 च्या जूनमध्ये बिहारमध्ये मोकामा भागात दोनशेहून जास्त रोही बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांकडून मारले गेले आणि दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांमध्ये जाहीर वाद झाला. केरळमध्ये 2022 पासून स्थानिक संस्थांना उपद्रवी रानडुक्कर मारायची परवानगी देता येते. मात्र मारलेलं डुक्कर पुरायचं, खायचं नाही. पिकाचं नुकसान झालं, जनावर मेलं आणि मांस मातीत गेलं. एकाच गोष्टीत तीनदा नासाडी करण्याची ही रीत मला समजत नाही. याच्या शेजारी नामिबियाचं 2024 ठेवून पाहा. भीषण दुष्काळ होता. सरकारने 723 जनावरं मारायचं ठरवलं: 300 झेब्रे, 100 निळी विल्डबीस्ट, 100 ईलँड, 83 हत्ती, 60 रानम्हशी, 50 इम्पाला, 30 पाणघोडे. मांस दुष्काळी भागातल्या माणसांना. जगभर ओरड झाली, मुख्यतः हत्तींवरून. त्या काळात मी विंडहुकमध्ये होतो. माझ्याबरोबर काम करणारा, उत्तरेतल्या कावांगोकडचा मुलगा म्हणाला, ‘माझ्या आजीला मांस मिळालं तर ते वाईट आहे, असं ते का म्हणतात?’ मला उत्तर देता आलं नाही, आणि आजही येत नाही.

शिकारीचा दिवस कसा असतो ते सांगतो, कारण विरोध करणाऱ्यांच्या आणि कौतुक करणाऱ्यांच्याही डोळ्यांसमोर जे चित्र असतं ते बहुधा गाडीत बसून धडाधड गोळ्या झाडण्याचं. पहिल्या संध्याकाळी मला शंभर मीटरवरच्या पुठ्ठ्यावर गोळ्या झाडायला लावल्या. चौथी गोळी मधल्या वर्तुळात बसेपर्यंत मालक मान हलवत राहिला. मग त्याने जनावराचं चित्र काढून दाखवलं: पुढच्या पायाच्या रेषेत वर जायचं, अंगाच्या एक तृतीयांश उंचीवर थांबायचं, तिथे काळीज. पहाटे अंधारात बक्कीमधून निघायचं. बक्की म्हणजे उघड्या हौद्याची गाडी, तिकडे सगळे तोच शब्द वापरतात. पाणवठ्याच्या बरंच अलीकडे उतरायचं. पुढे माग काढणारे, ते दामारा समाजाचे, वयाने माझ्या काकांएवढे, म्हणून मी मनात त्यांना काकाच म्हणायचो. त्यांच्या हातात राख भरलेली छोटी पुरचुंडी. दर पन्नास पावलांवर ती झटकायची, राख कुठे जाते ते पाहायचं आणि वारा तोंडावर येईल अशी वाट धरायची. पायाखाली वाळू, आजूबाजूला काळ्या काट्यांची बाभूळवर्गीय झुडपं. काटा उलटा असतो, धरला की सोडत नाही. पहिले दोन दिवस मी एकही गोळी झाडली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी स्प्रिंगबॉक, आणि एकाच गोळीत.

गेम्सबॉकच्या वेळी चूक झाली.

एकटीच फिरणारी म्हातारी मादी होती. गेम्सबॉकमध्ये नर-मादी दोघांनाही तलवारीसारखी सरळ शिंगं असतात. मादीची लांब आणि बारीक, नराची बुडाशी जाड. हिची झिजून बोथट झाली होती, बरगड्या दिसत होत्या. मालक कुजबुजला, ‘हिला पुढचा उन्हाळा दिसणार नाही, हीच.’ तीन काठ्यांच्या टेकूवर रायफल ठेवली. अंतर एकशे चाळीस मीटर. मी श्वास सोडायच्या आधीच घोडा ओढला. तिने पाठ कमानीसारखी वाकवली आणि ती काट्यांत शिरली. काका काहीच बोलले नाहीत. जिथे ती उभी होती तिथे जाऊन ते उकिडवे बसले, गवताची एक काडी उचलली, माझ्यासमोर धरली. रक्त गडद होतं. फुप्फुसाचं रक्त गुलाबी, फेसाळ असतं, हे यकृताचं. गोळी वीतभर मागे लागली होती.

मग साडेतीन तास. काका वाळूत बोटाने माझ्यासाठी दाखवत जायचे: हा तिचा खूर, इथे पाय ओढलाय, इथे ती टेकली, इथे पुन्हा उठली. मला बहुतेक वेळा काहीच दिसायचं नाही. एका ठिकाणी वाटाण्याएवढा थेंब, पुढे चाळीस पावलं काहीच नाही. घसा कोरडा पडला होता, आणि तहान नव्हती. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं की तिला हे मी केलं. शेवटी मालकाच्या छोट्या कुत्रीने तिला एका झुडपाखाली उभं असलेलं शोधलं, शिंगं खाली करून. मालकाने मला दुसरी गोळी झाडायला सांगितली. तीही मीच झाडली.

तिथला नियम असा की रक्त सांडलं की जनावर मारलं असं धरलं जातं; सापडो न सापडो, पैसे द्यायचे आणि मोजणीत ते वजा करायचं. हा नियम मला त्या साडेतीन तासांत पटला. जो कुणी शिकारीला ‘खेळ’ म्हणतो, त्याने असा एक माग काढत चालावं. आणि जो म्हणतो की यात क्रौर्य नाही, त्यानेही. क्रौर्य आहे. माझ्या हातून ते झालं. पण म्हातारी गेम्सबॉक ऑक्टोबरच्या दुष्काळात आठवडाभर खंगून मरते किंवा तरस तिला जिवंतपणी फाडतात, तेव्हा ती सुखाने मरते असं मानणं म्हणजे निसर्गाकडे पाठ फिरवणं आहे. मी माझी चूक त्यात धुऊन काढत नाही. फक्त तुलना करायची तर खऱ्या मरणाशी करावी, मनातल्या निवांत मरणाशी नको.

मारण्यात आनंद वाटणं हेच मुळात अनैतिक, हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. पहिल्या स्प्रिंगबॉकच्या वेळी मला आनंद झाला होता, हे मी लपवत नाही. त्यात हायसं वाटणं होतं, नेम बरोबर लागल्याचा अभिमान होता, आणि त्याच वेळी छातीत काहीतरी खाली जात होतं. शुद्ध भावना घेऊन शिकार करणारा माणूस मला भेटलेला नाही. पण शेतीसकट जगातलं कुठलंच अन्न शुद्ध भावनेने येत नाही. माझ्या मनाची शुद्धता आणि त्या रानाचं भलं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. माझं मन कसं आहे याने कुडूला फरक पडत नाही. त्या साडेपाच हजार हेक्टरवर उद्या पुन्हा गाई येतात की नाही, याने पडतो.

‘पर्यटक फोटो काढायला येतील की’, असं सांगतात. येतात, जिथे हत्ती-सिंह आहेत तिथे, एटोशात येतात, आपल्या ताडोबात येतात. काट्यांच्या जंगलात लपलेला वॉर्टहॉग पाहायला विमानाचं तिकीट काढून कुणी येत नाही. मी राहिलो त्या शेताच्या शंभर किलोमीटर परिसरात अशी डझनावारी शेतं असतील. तिथे येणारे दोनच: शिकारी आणि खाटीक. केनियाने 1977 मध्ये शिकारीवर बंदी घातली. पर्यटन तिथे नामिबियापेक्षा कितीतरी मोठं. तरी 1977 ते 2016 या काळात तिथल्या रानटी जनावरांची संख्या सरासरी 68 टक्क्यांनी घटली, असं मोजणीतून दिसलं. कारणं अनेक आहेत: वाढती लोकसंख्या, गुरं, कुंपणं, दुष्काळ. बंदीमुळेच घटली असं मी म्हणणार नाही. पण बंदीने वाचली नाहीत, एवढं तर दिसतं.

ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहाने मार्च 2023 मध्ये शिकारीची शिंगं-कातडी आयात करण्यावर बंदीचं विधेयक मंजूर केलं. वरच्या सभागृहात ते अडकलं. जर्मनीतही तशी हवा होती, तेव्हा 2024 मध्ये बोट्स्वानाचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मसीसी म्हणाले की तुम्हाला वीस हजार हत्ती पाठवून देतो, राहा त्यांच्याबरोबर. त्यांच्या रागात मला विदर्भातला शेतकरी ऐकू आला. बोट्स्वानाने 2014 मध्ये शिकार बंद केली होती आणि 2019 मध्ये ती पुन्हा सुरू केली, कारण हत्तींच्या वाटेवरच्या गावांचं उत्पन्न गेलं आणि नुकसान तसंच राहिलं.

पण शिकारीच्या बाजूने बोलणारे लोक ज्या गोष्टींवर गप्प बसतात, त्यावर मी गप्प बसणार नाही. दक्षिण आफ्रिकेत पिंजऱ्यात वाढवलेले सिंह, आठ हजारांच्या घरात. लहानपणी पर्यटकांनी कुरवाळायचे, मोठे झाले की छोट्या कुंपणात सोडून गोळी घालायची. यात माग नाही, रान नाही आणि सुटायची वाटही नाही. 2021 मध्ये तिथल्या पर्यावरणमंत्र्यांनी हा धंदा बंद करायचं धोरण जाहीर केलं. जितक्या लवकर होईल तितकं बरं. काळा इम्पाला, सोनेरी विल्डबीस्ट असे मुद्दाम निवडून पैदास केलेले रंग, तेही त्याच माळेचे मणी. 2016 मध्ये ‘होरायझन’ नावाच्या एका रानरेड्याची किंमत 17 कोटी 60 लाख रँड धरली गेली. रानटी जनावराला शेअरसारखा भाव आला की ते रानटी राहत नाही, आणि त्याच्या रक्षणासाठी उंच कुंपण, विजेची तार आणि चित्त्याचा खून येतो. मालकीचा फायदा जिथे आहे, तिथेच तिचा हा रोगही आहे.

आणि मालक कोण? वॉटरबर्गच्या पायथ्याशी, मी जिथे गेम्सबॉकचा माग काढत होतो त्या मुलखात, ऑगस्ट 1904 मध्ये जर्मन फौजेने हेरेरो लोकांना घेरलं आणि जे निसटले त्यांना ओमाहेकेच्या वाळवंटात ढकलून तहानेने मारलं. 2021 मध्ये जर्मनीने त्याला वंशसंहार म्हटलं. ती जमीन मग गोऱ्यांच्या शेतांत वाटली गेली आणि आजही खाजगी शेतजमिनीचा मोठा भाग गोऱ्यांच्याच नावावर आहे. मला शेतमालकाचा पाहुणचार मिळाला, त्याच्याबद्दल वाईट बोलायला माझ्याकडे काही नाही. पण जनावरांची मालकी जमिनीच्या मालकाला देताना, जमीन कुणाकडून घेतली होती हा प्रश्न मिटत नाही. काकांच्या पणजोबांना त्याच रानात जनावर मारायला परवाना लागत नव्हता.

स्वतंत्र नामिबियाने याचं उत्तर शोधायचा प्रयत्न केला, आणि माझ्या लेखी सगळ्या विषयातली मोलाची गोष्ट हीच आहे. 1996 च्या दुरुस्तीने गोऱ्या शेतमालकांना 1967 पासून असलेला हक्क सामायिक जमिनीवरच्या गावांनाही मिळाला. गावांनी हद्द ठरवायची, सभासद नोंदवायचे, समिती निवडायची, जनावरं मोजायची. मग सरकार किती मारायची ते ठरवून देतं आणि पैसा-मांस गावाचं. 1998 मध्ये पहिल्या चार संस्था झाल्या, त्यात तोरा आणि न्याये न्याये. आज 86 आहेत आणि देशाची सुमारे पाचवा हिस्सा जमीन त्यांच्याकडे आहे. न्याये न्यायेमध्ये जुहोआन्सी सान लोक धनुष्यबाणाने स्वतःच्या पोटासाठी आजही कायद्याने शिकार करू शकतात. समित्यांत भांडणं आहेत, पैसा जिरवणारेही आहेत, काही ठिकाणी वाटा माणशी फार थोडा पडतो. ग्रामपंचायत पाहिलेल्या माणसाला यातलं काही नवं नाही. पण हक्क कागदावर गावाचा आहे.

इथे मला आपले फासेपारधी आठवतात. तितर-लावे फाशात धरणारी, जंगलाचा कानाकोपरा जाणणारी माणसं. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी पारध्यांसारख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. तो शिक्का 1952 मध्ये कागदावरून पुसला आणि वीस वर्षांनी त्यांचा धंदाच गुन्हा झाला. त्याच देशात संस्थानिकांनी वाघांच्या रांगा लावून फोटो काढून घेतले. कोल्हापूर संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणून पाळले जात. राजाच्या शिकारीला आपण वैभव म्हणालो आणि पारध्याच्या शिकारीला चोरी. माग काढणाऱ्या काकांना त्यांच्या देशात या कामाचा पगार मिळतो, पोरांच्या शाळेची फी त्यातून जाते. आमच्या तालुक्यात काकांसारखे डोळे असलेला माणूस पोलिसाला पाहून रस्ता बदलतो.

17 सप्टेंबर 2022 ला नामिबियातून आठ चित्ते कुनोला आले तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. ते ज्या देशातून आले तिथे बहुतेक चित्ते उद्यानांत राहत नाहीत. ते गुरांच्या आणि शिकारीच्या शेतांवर राहतात, मी चाललो तशाच काटेरी रानात. 1980 च्या दशकात तिथल्या शेतकऱ्यांनी हजारो चित्ते मारले किंवा पकडून बाहेर काढले. आता राखणीचे कुत्रे आले, समजावणं झालं, आणि मुख्य म्हणजे चित्त्याला खायला कुडूची पिल्लं आणि छोटी हरणं शेतांवर परत आली. चित्ता हवा, पण चित्त्याला जगवणारी ती सगळी व्यवस्था मात्र घाणेरडी, असं आपल्याला म्हणता येणार नाही.

मग विदर्भात शिकार सुरू करा, असं माझं म्हणणं आहे का? नाही. साडेपाच हजार हेक्टर आणि सहा एकर यांत कायदा तोच चालत नाही. महाराष्ट्रात सरासरी धारणक्षेत्र दीड हेक्टरही नाही; रोही एका रात्रीत दहा सातबारे ओलांडतो. हातात बंदुका आल्या तर आधी माणसं मरतील. पण गावाने मोजावं, गावाने ठरवावं, सरकारने मर्यादा घालावी, मारायचंच असेल तर प्रशिक्षित माणसाने मारावं, आणि त्यात पारध्यांच्या पोरांना सन्मानाची नोकरी असावी. मेलेलं जनावर खड्ड्यात न जाता ज्याला खायचंय त्याच्या घरी जावं. ज्याला मारणं नकोय त्या गावाला राखून ठेवलेल्या प्रत्येक रोह्यामागे रोख पैसा मिळावा, अर्जाविना. यातलं काहीही जगावेगळं नाही. फक्त जनावर शेतकऱ्याच्याही मालकीचं थोडंसं आहे, हे मान्य करावं लागेल.

गेम्सबॉकचं वजन कातडी काढल्यावर सव्वाशे किलो भरलं. मागचे पाय खाटकाकडे गेले, पाठीचं मांस धणे-मीठ-व्हिनेगर लावून बिल्टाँगसाठी, म्हणजे वाळवायला, टांगलं. बरगड्या, डोकं, आतडी आणि काळीज शेतावरच्या चार घरांत वाटलं. संध्याकाळी काकांच्या घरासमोर तीन पायांचं काळं भांडं चढलं होतं, आणि त्यांच्या नातीने मला यकृताचा एक तुकडा हातावर ठेवला. तिखट नाही, नुसतं मीठ. मी खाल्ला.

रात्री वडिलांना फोन केला. सगळं सांगितलं, चुकलेली गोळीही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे रातकिड्यांचा आवाज येत होता. ते मचाणावरूनच बोलत होते. मग म्हणाले, ‘त्या माग काढनाऱ्याले काय भेटलं?’ मी सांगितलं. बरगड्यांचं, डोक्याचं, पगाराचं. ‘हं,’ म्हणाले, ‘ठेवतो आता. खालच्या बांधाकडे काहीतरी वाजून राह्यलं.’